शहापूर-मुरबाडचें आकाश



मुंबईहून निघालेली आगगाडीची वाट कल्याणला फुटते. एक फांटा कर्जतमार्गें बोरघाटाकडे वळतो; दुसरा वाशिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी अशीं स्थानकें घेत कसाऱ्याच्या घाटाला भिडतो. हा शहापूर तालुका. कल्याणहूनच एक सडक मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाते. तो मुरबाड तालुका. दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्याच्या पूर्व कडेला, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, एकमेकांना लागून वसलेले आहेत. माहुली, आजोबा, सिद्धगड, गोरखगड हे त्यांचे पहारेकरी. या मुलखाविषयीं शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांना सहसा दोन गोष्टी ठाऊक असतात: मुंबईचें पाणी तिकडून येतें, आणि पावसाळ्यांत तिकडे धबधबे पाहावयास जातात. आज मी तिसऱ्या गोष्टीविषयीं बोलणार आहें. पाऊस सरल्यावर, आश्विनापासून वैशाखापर्यंत, या मुलखावर रात्रीं जें आकाश उघडतें तें आकाश, आणि त्यानें माणसाच्या मनांत उठविलेले प्रश्न, हा आजचा विषय.

तारांनीं भरलेलें आकाश पाहून मनाची जी अवस्था होते तिला आपण विस्मय म्हणतों. विस्मय ही मोठी गोष्ट खरी. पण एकटा विस्मय फार काळ टिकत नाहीं. पहिल्या रात्रीं माणूस स्तब्ध होतो, चौथ्या रात्रीं सवयीनें मान खालीं घालून चालूं लागतो. विस्मयाचें रूपांतर कुतूहलांत झालें म्हणजे मगच त्याला फळ धरतें. विस्मयानें माणूस तोंडांत बोट घालतो. कुतूहलानें तेंच बोट आकाशाकडे करून तो मोजूं लागतो. काल हा तारा त्या डोंगराच्या खांद्यावर होता, आज कोठें आहे? किती सरकला? पुन्हां त्याच जागीं केव्हां येईल? असा प्रश्न ज्याला पडला त्याच्यापुरता ज्योतिःशास्त्राचा जन्म झाला. मग तो प्रश्न उज्जयिनीच्या पंडिताला पडलेला असो कीं डोळखांबच्या गुराख्याला.

या प्रश्नांना उपकरणें फार लागत नाहींत, हें दाखविण्यासाठीं एक प्रयोग सांगतों. शहापूर किंवा मुरबाडकडे उत्तरेची बाजू मोकळी असलेल्या एखाद्या माळावर उभे राहा. हात सरळ पुढें लांब करा, वीत घालतांना पंजा ताणतात तसा ताणा, आणि करंगळीचें टोंक उत्तर क्षितिजावर टेकवून अंगठा सरळ वर न्या. अंगठ्याच्या टोंकापाशीं जो मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसेल तो ध्रुव. लांब केलेल्या हाताची वीत डोळ्यापाशीं साधारणपणें २० अंशांचा कोन करते. आणि ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या स्थळाचे अक्षांश. शहापूरचे अक्षांश साडेएकोणिसाच्या जवळ, मुरबाडचे सव्वाएकोणिसाच्या आसपास आहेत. हाच ध्रुव कन्याकुमारीला जेमतेम आठ अंश वर असतो आणि श्रीनगरला चौतीस अंश. पृथ्वी सपाट असती, तर इतक्या दूरचा तारा सर्व गांवांहून सारख्याच उंचीवर दिसला असता. तो उत्तरेकडे जावें तसतसा वर चढतो, यावरूनच आपल्या पायांखालची भूमि वाटोळी असल्याचें कळतें. एक वीत आणि एक तारा एवढ्या भांडवलावर केवढा व्यापार होतो पाहा!

दुसरा प्रश्न अंतराचा. हेमंतांत रात्रीं नऊच्या सुमारास कृत्तिकांचा घोस माथ्याजवळ येतो. साध्या डोळ्यांना त्यांत सहा तारका दिसतात. तीक्ष्ण दृष्टीच्या माणसाला काळोख्या रात्रीं सात-आठहि मोजतां येतात. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लाख किलोमीटर धांवतो. तरीहि या घोसापासून आपल्यापर्यंत यावयास त्याला सुमारें ४४० वर्षें लागतात. इ. स. १६३६ मध्यें शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यावर मोंगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यांत सांपडले होते. त्या वर्षीं गडावरच्या पहारेकऱ्यानें कृत्तिकांकडे पाहिलें असेल, तर त्याच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश बाराव्या शतकाच्या अखेरीस निघालेला असला पाहिजे. आणि आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश त्या वेळीं पन्नासएक वर्षांची वाट चालून अजून मार्गांतच होता. मृगाच्या मागें लागलेला तेजस्वी व्याध त्या मानानें शेजारचा: त्याचा प्रकाश साडेआठ वर्षांत पोंचतो. शाळेंत तिसरींत बसणारें मूल जन्मलें तेव्हां निघालेला किरण आज त्याच्या भेटीस येतो. उलट, देवयानीच्या तारकांजवळ धुक्याच्या ठिपक्यासारखी जी दीर्घिका काळोख्या रात्रीं साध्या डोळ्यांनीं दिसते, तिचा प्रकाश सुमारें २५ लाख वर्षांपूर्वींचा. आकाश पाहणें म्हणजे एकाच वेळीं निरनिराळ्या काळांतल्या गोष्टी पाहणें होय.

आतां तिसरा प्रश्न. आणि हा या तालुक्यांतल्या भातशेतीशीं जोडलेला आहे. जूनच्या सातव्या-आठव्या तारखेला शेतकरी म्हणतो, “मृग लागला.” पुढें आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, असें करीत हस्तापर्यंत पावसाची नांवनिशी चालते. पण गंमत अशी कीं, मृग लागतो त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशांत रात्रीं दिसतच नाहीं! मृग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रांत आला. आणि सूर्य जेथें आहे तेथील तारे त्याच्याबरोबर उगवतात व त्याच्याबरोबरच मावळतात. मग, ज्या नक्षत्रांत सूर्य आहे तें दिसत नसतांना सूर्य तेथें आहे, हें आपल्या पूर्वजांना कळलें कसें?

याचें उत्तर चंद्रानें दिलें. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. मार्गशीर्षांत पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ दिसतो, म्हणूनच त्या महिन्याला तें नांव पडलें. त्या रात्रीं सूर्य आकाशाच्या पलीकडच्या अर्ध्या भागांत, ज्येष्ठा नक्षत्राकडे असला पाहिजे. सूर्य वर्षांत एक फेरी पुरी करतो. म्हणजे सहा महिन्यांनीं, ज्येष्ठाच्या सुमारास, तो मृगाजवळ येणार. दुसरा पुरावा पहांटेचा. सूर्य पुढें सरकला म्हणजे कांहीं आठवड्यांनीं तेंच नक्षत्र सूर्योदयापूर्वीं पूर्वेस पुन्हां दिसूं लागतें. एक हिशेब रात्रींचा, दुसरा पहांटेचा. दोन्ही जुळले म्हणजे न दिसणारी गोष्ट दिसल्यासारखीच झाली. आपल्या घरांतल्या दिनदर्शिकेवर एका ओळींत छापलेल्या “मृग नक्षत्र प्रारंभ” या शब्दांमागें शेंकडों वर्षांचें जागरण आहे.

या हिशेबांत आणखी एक मेख आहे. पृथ्वीचा आंस भोंवऱ्यासारखा अतिशय मंद गतीनें डोलतो. एक फेरी पुरी होण्यास त्याला जवळजवळ २६ हजार वर्षें लागतात. त्यामुळें सूर्य एखाद्या नक्षत्रांत शिरण्याचा दिवस ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें जातो. आज सूर्य आर्द्रांत २१-२२ जूनला येतो. दीड हजार वर्षांपूर्वीं तो आजच्या गणनेनुसार १ जूनच्या आसपास येत असला पाहिजे. कोंकणच्या उत्तर भागांत मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोंचतो. तेव्हां त्या काळीं या बाजूच्या शेतकऱ्याचा पहिला पाऊस मृगांत न पडतां आर्द्रांत पडत असावा. आणि आणखी हजार-दीड हजार वर्षांनीं तो मृगाच्याहि मागें, रोहिणींत पडेल. पाऊस सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाला बांधलेला आहे, नक्षत्राच्या नांवाला नाहीं. जुन्या म्हणींवर आपला जीव असावा. पण त्यांचा ताळा आकाशाशीं अधूनमधून घालून पाहावा, हें यांतून शिकावयाचें.

ताळा घालण्यास अंक लागतात. आणि अंकांची एक फार जुनी वहीं याच मुलखाच्या उंबरठ्यावर उघडी पडली आहे. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. कोंकणपट्टींतून जुन्नरकडे माल नेणारा हा सातवाहनांच्या काळचा घाट. माथ्यावरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपींतला जो दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे, तो सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्याच्या आरंभींच्या वंदनांत इतर देवतांबरोबर चंद्र आणि सूर्य यांचींहि नांवें आहेत. पुढें यज्ञांची यादी आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणीं यांचे आंकडे आहेत. भारतांत सांपडलेल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्यें या लेखांतील चिन्हांची गणना होते. त्यांत अजून शून्य नाहीं. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळीं चिन्हें आहेत. पुढें कांहीं शतकांनीं स्थानाप्रमाणें किंमत देणारी अंकपद्धति रूढ झाली, आणि तिच्यामुळें ग्रहगणितांतल्या प्रचंड संख्या सहज हाताळतां येऊं लागल्या. चंद्र-सूर्यांना वंदन आणि गाई-नाण्यांची मोजदाद एकाच भिंतीवर कोरलेली पाहिली म्हणजे भक्ति आणि गणित यांचें आपल्याकडे जुनें सख्य आहे, याची खूण पटते.

पण आकाशाचें सगळें ज्ञान लेण्यांत आणि पोथ्यांत नाहीं. मृगाच्या पोटांतल्या एका ओळींतल्या तीन ताऱ्यांना खेड्यांत तिकांडें म्हणतात. ज्या सात ताऱ्यांत ग्रंथकारांनीं सप्तर्षि पाहिले, त्यांत खेड्यांतल्या माणसानें बाज पाहिली, आणि शेंपटीच्या तीन ताऱ्यांना चोर ठरविलें. विदर्भांतील गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांतहि सप्तर्षींच्या जागीं खाट व चोर, आणि मृगाच्या जागीं नांगर आढळतो. ठाणें-पालघरकडील वारल्यांच्या लग्नचौकांत सूर्य आणि चंद्र काढल्याशिवाय चौक पुरा होत नाहीं. मुरबाडजवळची म्हशाची मोठी जत्रा पौष पौर्णिमेला भरते. रस्त्यांवर दिवे नव्हते त्या काळीं बैलगाडीनें रात्रीचा प्रवास करणाऱ्याला त्या तिथीचा उपयोग काय होता, हें वेगळें सांगावयास नको. नांवें ठेवणें ही जाणण्याची पहिली पायरी. ऋषि पाहणारा आणि बाज पाहणारा दोघेहि एकाच ताऱ्यांना दोरी लावून एकमेकांशीं बांधीत होते, आणि बांधलेली आकृति दुसऱ्या रात्रीं पुन्हां ओळखीत होते.

पायरी चढून वर जाणारींहि माणसें महाराष्ट्रांत झालीं. एकोणिसाव्या शतकांत जुन्या कोष्टकांवरून केलेलीं पंचांगें आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडलें होतें. पंचांगांतला ग्रह एके ठिकाणीं, आकाशांतला दुसऱ्या ठिकाणीं. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें “ग्रहसाधनाचीं कोष्टकें” प्रसिद्ध केलीं, आणि त्यांच्या गणितावर पुढें १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. डोळ्यांना दिसेल तें प्रमाण, हा दृक्प्रत्ययाचा पक्ष त्यांनीं धरला. त्यावरून घरोघरीं वाद झाले. कारण तिथि बदलली कीं व्रत बदलतें, आणि व्रत बदललें कीं आजीबाई रागावतात. शाळेंत शिक्षकी करीत असतां शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं भारतीय ज्योतिःशास्त्राचा जो प्रचंड इतिहास लिहिला, तो १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला. तसला ग्रंथ मराठींत त्यापूर्वीं नव्हता. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं २२ जानेवारी १८९८ रोजीं सोलापूर जिल्ह्यांतल्या जेऊर येथें खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं १९११ मध्यें नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असें गणितानें मांडून त्यांना ब्रह्मा आणि विष्णु अशीं नांवें दिलीं. १९३० मध्यें प्लूटो सांपडला, तेव्हां ब्रह्म्याचें अंतर त्याच्याशीं बरेंच जुळलेलें दिसलें. प्लूटोचें वजन इतकें थोडें निघालें कीं त्यावरून असें भाकीत करणें शक्य नव्हतें. तेव्हां तो मेळ योगायोगाचा मानावा लागतो. परंतु आपल्या खोलींत कागद-लेखणी घेऊन सूर्यमालेच्या कुंपणापलीकडे पाहण्याचें जें धाडस, तें योगायोगाचें नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर या कथेचा धागा पुन्हां ठाणें जिल्ह्यांत आला. १९६५ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं कल्याणजवळ ३२ तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण उभारली. या तबकड्या ऑस्ट्रेलियांतून भेट म्हणून आलेल्या. प्रत्येकीचा व्यास अवघा १.८ मीटर, म्हणजे उंच माणसाएवढा. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम आणि आठ दक्षिणोत्तर मांडून त्यांच्या साह्यानें सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ-लहरींचा अभ्यास झाला. आपण ज्या जातीच्या लहरींवर हें भाषण ऐकत आहां, त्याच जातीच्या लहरी सूर्य आणि तारेहि सोडीत असतात. त्या ऐकावयास डोळ्यांऐवजीं अशी तबकडी लागते. त्याच गोविंद स्वरूपांनीं पुढें सह्याद्रीच्या पलीकडे, जुन्नर तालुक्यांतल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची विराट रेडिओ दुर्बीण उभी केली. तिचा विस्तार सुमारें २५ किलोमीटर आहे, आणि २००१ मध्यें ती राष्ट्राला अर्पण झाली. अतिदूरच्या स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून विश्वांत पसरलेल्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचें जगांतल्या अनेक गटांनीं जून २०२३ मध्यें जाहीर केलें. त्यांतल्या भारतीय-जपानी गटाचीं निरीक्षणें खोडदच्या दुर्बिणीचीं होतीं. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीणहि घाटमाथ्यावर गिरवलीला २००६ पासून आहे. एका बाजूस मुरबाड, एका बाजूस जुन्नर, मध्यें नाणेघाट. घाटाच्या एका टोंकाला दोन हजार वर्षांपूर्वींचे अंक कोरलेले, आणि पलीकडे पठारावर विश्वाचे ठोके मोजणारें यंत्र: असा शेजार इतरत्र कचितच सांपडेल.

आतां या गोष्टीची दुसरी बाजू सांगणें भाग आहे. खोडदची जागा निवडतांना शहरांच्या रेडिओ-गोंगाटापासून ती दूर असावी, हें मुख्यतः पाहिलें होतें. जसा रेडिओ दुर्बिणीला शांततेचा आश्रय लागतो, तसा डोळ्यांना काळोखाचा. निर्मळ, काळोख्या आकाशांत एका वेळीं अडीच-तीन हजार तारे साध्या डोळ्यांनीं दिसूं शकतात. मुंबईंत घराच्या गच्चीवरून बोटांवर मोजण्याइतके दिसतात. मुंबई, ठाणें, कल्याण, भिवंडी यांच्या दिव्यांचा उजेड हवेंतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरून आकाशालाच दुधी रंग देतो. आणि तो रंग शहरांच्या वेशीपाशीं थांबत नाहीं. आसनगांवच्या माळावरून रात्रीं पश्चिमेकडे पाहिलें तर क्षितिजावर फिकट पडदा लावल्यासारखा दिसतो. पूर्वेकडे, डोंगराच्या अंगाला, अजून काळोख आहे. आकाशगंगा तिकडेच शोधावी लागते. इगतपुरी ते आमणे हा समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. तो शहापूर तालुक्यांतून जातो. रस्ता आला म्हणजे गोदामें येतात, घरकुलें येतात, आणि त्यांच्याबरोबर प्रखर दिवे येतात.

शहरवासीयांनीं येथें एक हिशेब मांडून पाहावा. १८९२ पासून तानसाचें पाणी मुंबईला जातें. पुढें वैतरणा आली, भातसा आली. आज मुंबईच्या पाण्यांतला सर्वांत मोठा वाटा एकट्या भातसाचा आहे. तीं धरणें ज्या शहापूर तालुक्याच्या कुशींत आहेत, त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. पाणी आपण घेतलें. आणि त्याच्या मोबदल्यांत, न विचारतां, आपल्या दिव्यांचा उजेड त्यांच्या आकाशांत ओतला. पाण्याच्या कराराचे कागद तरी असतात. आकाशाचा करार कोणीं केलेला नाहीं, म्हणून त्याची तक्रार करावयास कोणी येत नाहीं.

परंतु म्हणून खेड्यांनीं अंधारांतच राहावें, असा याचा अर्थ कोणी करूं नये. पावसाळ्याच्या रात्रीं पायवाटेवर नाग, घोणस, मण्यार, फुरसें यांची भीति असते. दवाखाना दूर, आणि वाट काळोखाची. ज्याच्या दारांत दिवा आहे त्यानें, ज्याच्या दारांत तो नाहीं त्याला काळोखाचें सौंदर्य सांगूं नये. आश्रमशाळेंतल्या मुलीला अभ्यासाला दिवा हवा, दाईला दिवा हवा, शेतावर राखणीला जाणाऱ्याला विजेरी हवी. प्रश्न दिवा असावा कीं नसावा हा नाहीं. दिव्याचें तोंड कोणीकडे असावें हा आहे. आजहि पुष्कळ दिवे असे बसविले जातात कीं, त्यांचा बराच उजेड बाजूस व वर जातो. जमिनीवर पाऊल टाकणाऱ्याला त्याचा उपयोग नाहीं, आणि वीज मात्र खर्च होते. त्याच दिव्याला वरून टोपण घातलें, त्याचा झोत खालीं वळविला, पांढऱ्याशुभ्र प्रखर दिव्याऐवजीं पिवळसर मंद दिवा वापरला, आणि मध्यरात्रीनंतर कामाशिवायचे दिवे मालविले, तर वाटहि उजळते आणि आकाशहि वांचतें. हें नुसतें बोलणें नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत, नागपूरकडील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठीं आसपासच्या चार गांवांतले शंभरांहून अधिक दिवे बदलून, त्यांचा उजेड जमिनीकडे वळविण्यांत आला. गांवें अंधारांत बुडालीं नाहींत. आकाश मात्र परत मिळालें. जें पेंचला झालें तें माहुलीच्या पायथ्याशीं होणार नाहीं, असें म्हणण्यास कारण दिसत नाहीं.

यांत आपल्या मुलांचा काय संबंध, असें एखादे गृहस्थ विचारतील. संबंध फार जवळचा आहे. आज शहरांतल्या मुलाच्या हातीं दूरदूरच्या दीर्घिकांचीं रंगीत छायाचित्रें आहेत. पण त्यांत त्याला मोजण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें, कारण सारें आधींच कोणीतरी मोजून ठेवलेलें असतें. खेड्यांतल्या मुलाला आकाश डोक्यावर आहे. पण तें पाहण्यासारखें आहे, त्यांत विचारण्यासारखें आहे, असें त्याला सांगणारा कोणी नसतो. एकाकडे माहिती आहे, आकाश नाहीं. दुसऱ्याकडे आकाश आहे, माहिती नाहीं. दोघांची गांठ पडावी हें इष्ट. १९८५-८६ मध्यें हॅलीचा धूमकेतु आला, त्याच सुमारास मुंबईंत खगोल मंडळ निघालें. त्या मंडळींनीं वांगणीच्या माळावर रात्र-रात्र आकाशदर्शन घडवून शहरांतल्या शेंकडों कुटुंबांना पहिल्यानें खरें आकाश दाखविलें. तसें आकाश शहापूर-मुरबाडकडेहि आहे. धबधब्यांसाठीं पावसाळ्यांत जसे आपण जातों, तसे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत एखाद्या अमावास्येला तिकडे जावें. आणि ज्या पाड्याशेजारीं बसावें त्या पाड्यांतल्या मुलांनाहि जवळ बसवून घ्यावें. त्यांची बाज आणि आपले सप्तर्षि, दोन्ही एकदम पाहावेत.

जातांना दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही, एक पेन्सिल आणि एक घड्याळ पुरे. घरीं परतल्यावरहि हा अभ्यास चालूं ठेवतां येतो. समोरच्या इमारतीच्या कोपऱ्याआड एखादा ठळक तारा किती वाजतां जातो, तें लिहून ठेवा. जागा मात्र तीच असावी, आणि पाहणाऱ्याचा डोळाहि त्याच ठिकाणीं असावा. दुसऱ्या रात्रीं तोच तारा सुमारें चार मिनिटें लवकर जाईल. पंधरा दिवसांनीं एक तास लवकर. सहा महिन्यांनीं तो त्या जागीं भर दिवसा जात असेल, आणि एक वर्षानें पुन्हां त्याच वेळेला येईल. हीं रोजचीं चार मिनिटें कोठें जातात? सूर्य त्या वेळीं काय करीत असतो, आणि आपण? हें उत्तर मी येथें सांगत नाहीं. तें प्रत्येक पुस्तकांत मिळेल. पण पंधरा दिवसांच्या नोंदींनंतर तें मुलांनीं स्वतः काढलें, तर मृग लागल्याचा दिवस प्रथम ज्यानें ठरविला, त्या अज्ञात माणसाच्या शेजारीं तीं जाऊन बसतील. तेवढी चार मिनिटें मुलांना मिळवून द्यावींत, आणि तेवढा काळोख त्यांच्यासाठीं राखून ठेवावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.